उघाडीच्या फळ्यांचा डॅशबोर्ड

उरणच्या रस्त्याला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. समोरून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर जातात, त्यांची धूळ माझ्या चहात पडते, आणि म्हणून मी चिडका झालो असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, हा रस्ता कच्चा होता तेव्हाही तुम्ही असेच होता. तिचंच खरं असेल. चिडायला मला निमित्त लागत नाही. पण या गोष्टीत नेमकं चिडावं कोणावर तेच मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि मुख्य राग त्याचाच आहे.

एका दिवाळीनंतर मृणाली नावाची बाई टोइंगच्या गाडीवर चढवून एक जुनी फियाट घेऊन आली. बाई मुंबईची, चाळिशीची. अलिबागजवळ चौलला त्यांची सुपारीची वाडी आणि घर. गाडी वडिलांची. वडील वारले, गाडी वाडीत उभ्या उभ्या गंजली, आणि आता हिला ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती. तेवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं. पण तिला त्यात मोठा टचस्क्रीन हवा होता, आकडे उमटणारा मीटर हवा होता, एसी हवा होता, मागचं दाखवणारा कॅमेरा हवा होता, आणि फोन नुसता ठेवला की चार्ज व्हायला हवा होता.

"म्हणजे आजीला जीन्स घालायची," मी म्हटलं.

ती हसली. हसणारी बाई होती, तिथेच घोटाळा झाला. गिऱ्हाईक उद्धट असलं की पुढचं सगळं सोपं जातं.

जुना पत्र्याचा डॅशबोर्ड गंजून चाळणी झाला होता. त्या जागी तिला लाकडाचा हवा होता, या दारापासून त्या दारापर्यंत सलग. "पण खरं लाकूड हं काका. वरून चिकटवलेलं नको. बाबांना खोटं काही आवडायचं नाही."

मी म्हटलं, माझ्याकडे माणूस आहे.

माणूस म्हणजे मोरू घरत. माझ्या दुकानामागच्या आळीत राहतो, शाळेत माझ्याबरोबर मार खाल्लेला. त्यांचं घर मिठागरवाल्यांचं. मिठागराला उघाडी लागते, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि नको तेव्हा अडवायचं लाकडी दार. मोरूचा बाप अशा उघाड्या करायचा. बापाच्या हाताखाली मोरू शिकला आणि बापापेक्षा चांगला झाला. त्याने उघाड्या केल्या, मग मिठागरांवर भराव पडला आणि वर कंटेनरची यार्डं बसली. त्याने होड्या केल्या, कोळ्यांनी फायबरच्या घेतल्या. मग त्याने गावभर दारं-खिडक्या केल्या. त्या काढून लोकांनी अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावल्या, आणि त्या लावणारा कोण, तर मोरूचाच मुलगा प्रज्योत. बापाने बसवलेली चौकट मुलाने उचकटायची. प्रज्योत वाईट नाही. उचकटलेलं लाकूड तो बापाला विचारल्याशिवाय बंबात घालू देत नसे.

मृणालीबाईंची गाडी बघायला मोरू आला तेव्हा तो बराच वेळ त्या उघड्या पडलेल्या पुढच्या भागाकडे बघत राहिला. त्याच्या हाताला कंप सुटायला लागला होता. हातात रंधा असला की थांबायचा, हात रिकामा झाला की सुटायचा.

"भिकू," तो मला म्हणाला, "मी केलेलं एक बी काम या गावात उभं न्हाय. पन जुनी गारी लोक जपतान. पोरांला देतान, नातवांला देतान. हा एक करीन आनि बस करीन. हा र्‍हाला पायजे."

एवढंच त्याला हवं होतं. दुसरं काही नाही. मागे एक वस्तू राहावी, आणि बघणाऱ्याने म्हणावं, ही मोरूने केली.

लाकूड कुठलं घ्यायचं यावर मी बोलणार होतो, पण त्याने ते आधीच ठरवलं होतं. त्यांच्या मिठागराची शेवटची उघाडी बापाने आणि त्याने मिळून केलेली होती, सागवानाची. भराव पडणार हे कळलं तेव्हा त्याने ती एकट्याने चिखलातून उपसून घरी आणली होती. तेव्हापासून फळ्या माळ्यावर पडून होत्या.

"इतकी वरसां माज्या डोक्यावं ठेवलीस," त्याची बायको कमळ म्हणाली, "आता गेली तं सुटले." पण फळ्या खाली उतरल्या तेव्हा पदराने धूळ तिनेच पुसली.

मिठागरवाल्यांची एक रीत आहे. ते लाकूड चाटून बघतात. मीठ प्यालेल्या लाकडाला वाळवी लागत नाही, भुंगा लागत नाही, ते कुजत नाही, असं ते मानतात, आणि उघाडीच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. जीभ खारट झाली की लाकूड पास. मोरूने बाईंच्या देखत फळीला जीभ लावली आणि फळी त्यांच्यापुढे धरली. मला वाटलं, बाई आता दोन पावलं मागे सरकणार. पण तिने सरळ वाकून चाटली.

"खारट आहे."

"व्हय," मोरू म्हणाला. "हा आता मरनार न्हाय."

मी माझ्या परीने बघून घेतलं. वायरी तपासायच्या माझ्या मीटरच्या दोन्ही सुया फळीवर टेकवल्या. काटा जागचा हलला नाही. लाकूड ठणठणीत कोरडं. मार्गशीर्षातली कोरडी हवा होती, काटा हलणार तरी कशाला.

थंडीभर काम चाललं. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून गाडीत बसवून बघितला, मग फळ्या चिरल्या. मिठाने रंध्याचं पातं सारखं बोथट व्हायचं आणि मोरू ते सारखं पाजळायचा. वरून काळपट जांभळ्या पडलेल्या त्या फळ्या आतून अशा तांबूस निघाल्या की रस्त्यावरचे ट्रेलरवाले थांबून बघायचे. मागच्या अंगाने माझ्या वायरींसाठी त्याने पटाशीने खोबणी काढल्या.

"कती वायरी रं तुज्या," तो करवादायचा. "गारी हाय का टेलिफोनची कचेरी?"

"तुझ्या उघाडीला बटण नव्हतं म्हणून बरं," मी म्हणायचो. असे आमचे दिवस चालले होते. चांगले चालले होते.

शिमग्याच्या आधी डॅशबोर्ड बसला. मी सहसा कोणाचं कौतुक करत नाही, पण इतकं देखणं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. लाखेच्या चपड्याचं पॉलिश हाताने चढवलेलं, फळीची रेषा-रेषा गाडीच्या वळणाबरोबर वळलेली, एसीच्या झडपासुद्धा लाकडाच्या. मी चावी फिरवली, स्क्रीन उजळला आणि त्या निळ्या उजेडात लाकूड आणखीच खुललं. मृणालीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कमळ मागच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, आता मना फिरवून आना. आम्ही चौघं मोरा बंदरापर्यंत जाऊन आलो. मोरू पुढे बसला होता. मांडीवर ठेवलेले त्याचे हात अगदी स्थिर होते.

जुलैत बाईंचा फोन आला. "काका, गाडी बंद असताना गाणी लागतात."

पाठोपाठ आणखी तक्रारी. वायपर आपोआप फिरतात. उभ्या गाडीचा मीटर ऐंशीचा वेग दाखवतो. वाडी सांभाळणारी नीराबाई गाडीच्या बाजूने जायला तयार नाही, तिने पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली आहे. मी हसलो. मग मोरूला घेऊन एसटीने पेणवरून चौलला गेलो.

दार उघडलं आणि माझं हसू गेलं. लाकडाला घाम फुटला होता. थेंब थेंब उभे होते, जागोजाग पॉलिश पांढरं पडून त्याचे पोपडे सुटले होते. मी स्क्रीन बाहेर ओढला. मागची तांब्याची टोकं हिरवीगार, पिना खाल्लेल्या, हात लावला की गळून पडत होत्या.

"तुज्या वायरी हलक्या," मोरू म्हणाला.

"माझ्या वायरी हलक्या? जन्म गेला माझा यात. तुझं लाकूड गळतंय, लाकूड!"

"लाकूर कवा गलत न्हाय. तुला काम येत न्हाय."

आम्ही भांडलो. नीराबाई माडाआड उभी राहून ऐकत होती. बोलता बोलता मोरूने लाकडावरची पांढरी भुकटी बोटाने उचलली आणि जिभेवर ठेवली. मग तेच बोट त्याने माझ्यापुढे धरलं.

मीठ होतं. इतकी वर्षं लाकडाने पोटात धरलेलं मीठ. पावसाळी हवेतलं पाणी ते ओढून घेत होतं आणि पाण्याबरोबर बाहेर येत होतं. उघाडीत याच मिठाने लाकूड राखलं होतं. तिथे तारा नव्हत्या, स्क्रीन नव्हता, पॉलिश नव्हतं; तिथे फक्त लाकूड आणि समुद्र होता, आणि त्या दोघांचं जमलेलं होतं. मोरूला बापाने जे शिकवलं ते त्याने केलं. बापाने खोटं शिकवलं नव्हतं. सांगा आता, कोणाचं चुकलं? मी माझ्या परीने विचार करून थकलो.

डॅशबोर्ड आम्ही काढून आणला. मोरू म्हणाला, मीठ काढतो. त्याने अंगणात मोठं पिंप ठेवलं, फळ्या सुट्या करून गोड्या पाण्यात बुडवल्या. आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड, तेही बारीक धारेने. कमळ हंडे वाहून आणायची, ते पिंपात जायचे. मोरू ओंजळीत घेऊन चाखायचा. खारट. पाणी ओतून द्यायचं, पुन्हा भरायचं. अख्खा श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. घरात प्यायच्या पाण्याचे वांधे आणि पिंप मात्र तुडुंब. प्रज्योत एकदा बापाला म्हणाला, "बाबा, सोडा ना आता. मी अॅल्युमिनियमची फ्रेम करून देतो." मोरूने त्याच्याकडे बघितलंही नाही. शेवटी एक दिवस पाणी गोड लागलं. निदान तो तसं म्हणाला. मी चाखून बघितलं नाही.

दसऱ्याच्या उन्हात फळ्या वाळवल्या तर त्या वाकल्या, दोन ठिकाणी तडकल्या. त्याने सगळं पुन्हा केलं. चिकटवलं, दाबलं, तासलं. आता रंधा धरला तरी हाताचा कंप थांबत नव्हता. एक हात दुसऱ्या हाताने दाबून धरत तो काम करायचा. ते बघवत नसे, म्हणून मी दुकानातून उठून बाहेर ट्रेलर बघत उभा राहायचो. डॅशबोर्ड पुन्हा बसला, पहिल्याइतका नाही, पण सुंदरच. ती थंडी मोरूने सुखात काढली, हे मला सांगितलं पाहिजे. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि विचारायचा, बाईचा फोन आलाय का? नाही म्हटलं की खूश व्हायचा.

आषाढात पुन्हा घाम फुटला. पाणी चाखून वरवरचं मीठ कळतं. आत गेलेलं मीठ आतच होतं. मी टोकांना ग्रीस भरलं, रबर लावलं, स्क्रीन वेगळ्या डबीत बसवला. पालथ्या घड्यावर पाणी. मोरू पुन्हा काढू म्हणाला, पुन्हा भिजवू म्हणाला. फळ्या आता इतक्या पातळ झाल्या होत्या की आणखी एक पावसाळा भिजल्या असत्या तर हातात नुसता भुसा राहिला असता. हे त्यालाही दिसत होतं.

मग बाईंचा मला एकट्याला फोन आला.

तिने गाडी पुण्याला नेली होती. तिथे डॅशबोर्डचं यंत्राने माप घेऊन तस्साच प्लास्टिकचा करून मिळतो. वर पातळ कागदासारखा थर चढवतात. त्या थरावर तिने मोरूच्याच लाकडाचा फोटो छापून घेतला होता. तीच रेघ, तीच गाठ, उघाडीच्या खिळ्यांची भोकं मोरूने लाकडाची बुचं मारून बुजवली होती, ती बुचंसुद्धा छापलेली. आता गाडी पावसात उभी राहिली तरी गाणी आपोआप लागणार नव्हती.

"मी त्यांना सांगते की लाकूड ठीक झालं," ती म्हणाली. "काका, प्लीज. त्यांनी किती केलंय. त्यांना हे कळलं तर..."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडायचं काय पण? गाडी तिच्या बापाची, ती चालायला नको? दोन पावसाळे गाडी बिघडली, तरी तिने मोरूला एका शब्दाने दुखावलं नाही. मी बरं म्हटलं. तिने मोरूला फोन केला, आणि मोरू धावत माझ्याकडे आला. "भिकू, लाकूर सुकलं. बाई बोलली, एक थेंब न्हाय." मी म्हटलं, चांगलं झालं. खरा डॅशबोर्ड बाईंनी टेम्पोने माझ्याकडे पाठवून दिला होता. तो मी दुकानाच्या पोटमाळ्यावर ताडपत्रीत गुंडाळून ठेवला, संध्याकाळी येऊन बसणाऱ्या मोरूच्या डोक्याच्या बरोबर वर.

जानेवारीत अलिबागला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. मी टाळायला बघत होतो, पण मोरूने नवीन शर्ट शिवला होता. करंजाहून लाँचने रेवसला उतरून आम्ही गेलो.

हिरवळीवर गाड्या ओळीने उभ्या होत्या. आपल्या फियाटला सायीसारखा रंग दिलेला, आणि डॅशबोर्डच्या कोपऱ्यात पितळेची नवी पट्टी: काष्ठकाम, मोरू घरत, उरण. लोकांची गर्दी त्याच गाडीपाशी. मृणालीबाईंनी मोरूला हाताला धरून पुढे आणलं, सगळ्यांना सांगितलं, हे ते. टाळ्या वाजल्या. कोणीतरी दार उघडून त्याला चालकाच्या जागी बसवलं.

मी त्याच्या हाताकडे बघत होतो. आयुष्यभर वायरी बघितल्या, पण त्या दिवशी त्या हाताशिवाय मला काही दिसेना. हात उजवीकडून निघाला, सरकत मधे आला. जिथे दोन फळ्यांचा सांधा होता तिथे बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा आलं. नख सांध्यावरून निसटलं, कारण सांधा नव्हताच, सांध्याचं चित्र होतं. मग हात खालच्या कडेखाली गेला, जिथे त्याने माझ्या वायरींसाठी खोबणी काढल्या होत्या, आणि तिथे जरा वेळ राहिला. मग त्याने हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. हात पुन्हा थरथरायला लागला.

"काका, किती जुनं लाकूड आहे हे?" एकाने विचारलं.

मोरूने सांगितलं. मिठागर सांगितलं, उघाडी सांगितली, बाप सांगितला, चिखलातून फळ्या कशा उपसल्या ते सांगितलं. एक शब्द चुकला नाही. लोक फोनवर त्याचं बोलणं टिपून घेत होते.

"आणि हे सगळं तुम्ही हातानं केलंत?"

"व्हय," मोरू म्हणाला. "मीच केला."

तो मृणालीबाईंकडे बघून हसला. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. तिला वाटलं, निभावलं. एका पुणेकराने मोरूला स्वतःच्या गाडीचं काम विचारलं. मोरूने आपला हात वर करून दाखवला. "आता चालत न्हाय हा."

परतीच्या लाँचवर आम्ही बाकावर शेजारी बसलो. ऊन उतरत होतं, पलीकडे बंदराच्या क्रेना दिसत होत्या. रेवसचा धक्का मागे पडला.

"बाईला सांगू नको," मोरू म्हणाला.

"काय?"

"मना कललं म्हून."

मी बोलायला गेलो, माझा आवाज चढला, शेजारची माणसं वळून बघायला लागली. मी काय म्हणत होतो मला आठवत नाही. बहुतेक शिव्याच देत होतो, कोणाला ते माहीत नाही. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिचं काय चुकलं? माजं लाकूर चाललं न्हाय. तिनं तरी माजं नाव ठेवलं."

"नाव ठेवून काय करायचंय?" मी म्हटलं. "तू केलेलं त्यात काही नाही."

"न्हाय," तो म्हणाला. "काय न्हाय."

लाँच हळू झाली. "पुढल्या साली बी बोलवलंय," तो म्हणाला. "गारीसंगं मी पायजेच, बोलली. दर साली."

"जाऊ नकोस."

"न्हाय गेलो तं तिला कलल ना." हे त्याने असं सांगितलं की जणू त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

करंजाच्या धक्क्यावर कमळ उभी होती. मासळी घ्यायला म्हणून आली होती, पण टोपली रिकामी होती. मेळाव्यात मी काढलेले फोटो बघायलाच ती आली होती. मोरूने माझ्या हातातून फोन घेतला, तिच्यासमोर धरला. तिला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही, म्हणून ती फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होती.

"घाम न्हाय ना आला त्याला परत?" तिने विचारलं.

"न्हाय," मोरू म्हणाला. "हाय तसा हाय."